पाहुण्याची उष्टी भाकरी

सोव्हिएत रॉकेटतळाच्या गावी, लेनिन्स्कच्या अंतराळवीर-निवासात कुल्पाश आपा वाढायला होती. नाकासमोर चालणारी बाई. वीस वर्षांत तिच्या हातून एक कप फुटला नव्हता. पण यान सुटायच्या दिवशी सकाळी ती एप्रनखाली घरची भाकरी दडवून आली. उड्डाणाआधी संसर्ग नको म्हणून बाहेरचा कणही आत आणायचा नाही, हा डॉक्टर रिम्माबाईंचा हुकूम. सापडली असती तर नोकरी गेलीच होती.

माळरानावरच्या तिच्या लोकांची रीतच तशी. लांबच्या वाटेला निघालेल्याने भाकरीचा एक घास घ्यायचा, उरलेली घरी ठेवायची आणि परत येऊन त्यानेच ती संपवायची. आपाचा भाऊ येर्मेक बेचाळीस साली असाच घास घेऊन लढाईवर गेला. त्याची भाकरी अजून आईच्या पेटीत आहे.

यानातून दोघं जाणार होते. कमांडर आधी दोनदा वर जाऊन आलेला, त्याच्या घरी भाकरी ठेवणारी बायको होती. दुसरा पाहुणा अंतराळवीर, त्याचं इथे कोण होतं? दूरच्या मित्रदेशाचा पोरगा, दीड वर्षात रशियन तेवढी फाडफाड शिकलेला.

"ए बाळा, तोंड उघड."

"आपा, रिम्माबाई बघतील."

"बघू दे. उंदरासारखं कुरतडू नकोस, नीट घास घे. उरलेली माझ्याकडे. ही खायला यावंच लागतं."

"आणि नाही आलो तर?"

"तर वर येऊन कान उपटीन."

दुपारी खिडक्या थडथडल्या. अख्खं स्वयंपाकघर गच्चीवर धावलं, आभाळात चढणाऱ्या आगीकडे बघत बायका एकमेकींच्या गळ्यात पडल्या. आपाही नाचली, एक हात एप्रनवर दाबून.

मग आठ दिवस रेडिओ. यान स्थानकाला जोडलं गेलं, पाहुणा वरून बोलला, सगळ्या टाळ्या पिटत होत्या. आपा म्हणाली, "जेवला का, ते विचारा की कुणीतरी."

"तुमच्या भाकरीला बुरशी येईल हो," स्वयंपाकघरातल्या तमाराने चिडवलं.

"येऊ दे. माणूस आला म्हणजे झालं."

यान उतरायच्या दिवशी रेडिओ बातमी न देता दोन तास गाणीच वाजवत बसला. आपाने शंभर माणसांचे बटाटे सोलून टाकले. अखेर बातमी आली, दोघेही सुखरूप. तिने पातेल्यावर डाव असा बडवला की डावच वाकला.

दुसऱ्या दिवशी विमानाने त्यांना आणलं. भाकरी गुपचूप द्यावी असा आपाचा बेत होता. पण पाहुणा दोघा मदतनिसांच्या खांद्यांवर भार टाकून लटपटत थेट स्वयंपाकघरात आला, मागे रिम्माबाई.

"आपा, माझी उष्टी भाकरी कुठाय?"

"कसली भाकरी?" रिम्माबाईंचा आवाज चढला.

आपाने भाकरीभोवतीचं फडकं सोडलं. "नोकरी उद्या घ्या, बाई. आज याला खाऊ द्या. माझा भाऊ आला नाही खायला."

रिम्माबाई दगडासारख्या कडक भाकरीकडे बघत राहिल्या. त्यांचेही वडील त्याच लढाईत गेले होते. त्यांनी वाडग्यात गरम चहा ओतला.

"भिजवून खा. दात पडले तर तेही मलाच बघावे लागतील."

पाहुणा खात होता आणि आपा एकेक घास मोजत होती. शेवटचा त्याच्या घशाखाली उतरला तेव्हा तिने रिकामं फडकं तोंडावर धरलं, आणि येर्मेक गेल्यापासून रडली नव्हती तशी ती रडली.