कोळ्याच्या डोळ्यातला उजेड

नोकरीतली बरीच प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. कुठला दरोडा कुठल्या ठाण्याच्या हद्दीतला, हे मला बायकोला विचारावं लागतं. पण एका कोळ्याच्या फोटोची चौकशी मात्र अजून जशीच्या तशी डोळ्यांपुढे उभी राहते. त्यात रक्त नव्हतं, हत्यार नव्हतं, कोणी पळूनही गेलं नव्हतं. तरी त्या चौकशीत माझी झोप उडाली होती, हे खरं.

मी तेव्हा नदीपलीकडे, येरवड्याच्या बाजूच्या एका ठाण्यात वरिष्ठ निरीक्षक होतो. निवृत्ती जवळ आली होती. सकाळची हजेरी उरकली होती, रात्रपाळीवाले घरी निघाले होते आणि मी स्टेशन डायरी वाचत बसलो होतो. एवढ्यात ठाणे अंमलदार आत आला. म्हणाला, "साहेब, एक वयस्कर गृहस्थ आलेत. कोळी चोरीला गेलाय म्हणतात."

"मग कोळीवाड्यात पाठव," मी म्हणालो. माझी जीभ तशी तिखटच.

आत आलेले गृहस्थ प्राणिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक होते. आपण त्यांना सर म्हणू. पांढरा कुर्ता, ताठ मान, आणि समोरचा पोलीस असला तरी त्याला 'ढ' समजण्याची जुनी सवय. ते मॅक्रो फोटोग्राफी करायचे, म्हणजे मुंगी, कोळी, चतुर अशा बारक्या जिवांचे अगदी जवळून मोठे फोटो. नवशिक्यांसाठी ते टेकडीवर कार्यशाळाही घेत. वन्यजीव छायाचित्रणाच्या एका मोठ्या स्पर्धेची अंतिम यादी नुकतीच लागली होती. त्यात उड्या मारणाऱ्या एका कोळ्याचा फोटो होता. एका जुन्या विद्यार्थ्याने तो पाहून सरांना पाठवला आणि विचारलं, "सर, हा तुमचाच ना?" सरांनी आपली हार्ड डिस्क उघडून पाहिली, तर तोच फोटो तिथे होता. स्पर्धेत मात्र त्याखाली त्यांच्या कार्यशाळेत येऊन गेलेल्या एका मुलीचं नाव होतं.

"एवढ्याशा किड्यावरून..." मी म्हणायला गेलो.

"कोळी कीटक नाही," सर म्हणाले. "त्याला आठ पाय असतात."

गंमत म्हणजे दुपारी मी बोलावल्यावरून ती मुलगी आली, तेव्हा माझ्या तोंडून पुन्हा तोच शब्द गेला आणि तिनेही हेच वाक्य मला ऐकवलं. त्या दिवशी दोघांचं एवढ्याच बाबतीत एकमत होतं.

मुलगी तिशीच्या आतली. राहायला येरवड्यात. येरवड्यात राहतो म्हटलं की पुण्यात पुढचा प्रश्न ठरलेला असतो, तुरुंगाच्या आत की बाहेर? असले विनोद ऐकून मोठी झालेली मुलगी पोलीस ठाण्यात जशी बसेल, तशी ती बसली होती, खुर्चीच्या अगदी कडेला. तिचे वडील कारखान्यातून निवृत्त झालेले. मला पाहताच उठून "जय भीम साहेब" म्हणाले आणि व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन बसले. जाता जाता एवढंच म्हणाले, "साहेब, वन विभागात निवड झालीय तिची. पडताळणी तुमच्याकडेच येणार आहे."

सरकारी नोकरीआधी पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी होते. वन विभागात निघालेल्या मुलीच्या नावावर वन्यजीवाचा फोटो चोरल्याचा गुन्हा म्हणजे नेमणुकीवर पाणीच. पुढे कोर्टात ती निर्दोष सुटली असती, पण तोवर नेमणूक कोणासाठी थांबत नाही. माझ्या एका सहीवर त्या घराचं सगळं अवलंबून होतं.

मी दोघांचे जबाब वेगवेगळे नोंदवले. मुलगी म्हणाली, "फोटो मीच काढलाय. कार्यशाळेच्या सकाळी. एक कोळी सापडला की सगळे पाळीपाळीने पोटावर झोपून त्याचे फोटो काढतात, अशीच पद्धत असते. सरांनी काढले, मग मी काढले."

"मूळ फोटो दाखव."

"डिलीट केले."

इतकं वाईट उत्तर मी आरोपीच्या तोंडून क्वचितच ऐकलं असेल. कारण तिने नीट सांगितलं. इतक्या जवळून फोटो काढला की कोळ्याचे डोळे स्पष्ट येतात, पण पाय धूसर होतात. म्हणून थोडा थोडा फोकस बदलत बरेच फोटो काढायचे आणि संगणकावर ते जोडून एकच चित्र करायचं. तिचा लॅपटॉप जुना होता, त्यात जागा नव्हती. चित्र तयार झाल्यावर तिने सुटे फोटो पुसून टाकले. जोडणाऱ्या प्रोग्रॅमने कॅमेऱ्याची माहितीही चित्रातून उडवली होती. स्पर्धेवाल्यांनी मूळ फोटो मागितले तेव्हा तिच्याकडे दाखवायला काहीच उरलं नव्हतं.

सरांना विचारलं, तर त्यांचेही मूळ फोटो जुनी डिस्क बिघडली तेव्हा गेले होते. म्हणजे दोघांचीही झोळी रिकामी.

"मग हा फोटो सरांच्या डिस्कवर गेला कसा?" मी मुलीला विचारलं.

"मीच दिला होता. दुसऱ्या दिवशी सर सगळ्यांची चित्रं भिंतीवर दाखवून चुका सांगतात."

हे सरांना सांगितलं, तर ते उसळले. "माझी नजर तेव्हा मोतीबिंदूने अधू झाली होती. लॅपटॉप तीच चालवत होती. तेव्हाच तिने माझा फोटो उचलला."

आता करायचं काय? माझे सहायक निरीक्षक म्हणाले, "साहेब, फोटो सरांच्या डिस्कवर आहे, पोरीकडे मूळ नाही. गुन्हा दाखल करून टाकू. पुढचं लॅब बघेल." तेवढ्यात वरून फोन आला. पुण्यात सरांचे विद्यार्थी नाहीत असं एकही खातं नसावं. "सरांनी मला शिकवलंय, जरा लक्ष घाला," असं साहेबांनी सांगितलं. मी म्हणालो, "बघतो साहेब." पोलिसातल्या 'बघतो'वर माणूस बराच काळ तग धरू शकतो. तोच आधार धरून मी गुन्हा न नोंदवता प्रकरण नुसत्या अर्ज चौकशीवर ठेवलं.

माझी अडचण वेगळीच होती. मला दोघेही खरे वाटत होते. खोटं बोलणारा माणूस पुरावा स्वतः पुसल्याचं इतक्या सरळ सांगत नाही. तो चोरीला गेला म्हणतो, पाण्यात पडला म्हणतो, काही नाही तर मांजराने खाल्ला म्हणतो. आणि सरांचा संतापही खोटा नव्हता. शिकवलेल्या मुलीने दगा दिला, याचंच त्यांना जास्त लागलं होतं.

अशा वेळी पोलिसाकडे एक जुना उपाय असतो. शब्दांनी काम होत नसेल, तर घडलेली गोष्ट पुन्हा करून दाखवायला सांगायची. मी दोघांना निरोप पाठवला की त्या सकाळी जे सामान वापरलं, तेच घेऊन ठाण्यात या. दुसऱ्या दिवशी दोघांनी माझ्या टेबलावर आपापला संसार मांडला. कॅमेरे एकसारखेच होते. फ्लॅशवरची टोपरी मात्र निराळी होती.

"हे काय?" मी विचारलं.

"डिफ्युजर," सर म्हणाले. "फ्लॅशचा उजेड मऊ करायला. बाजारात चांगला मिळत नाही, प्रत्येक जण आपला आपला बनवतो." सरांचा डिफ्युजर गोल होता, स्वयंपाकघरातल्या पांढऱ्या प्लास्टिकच्या वाडग्याचा. मुलीचा चौकोनी, कुरिअरच्या पाकिटात येतो तसल्या पांढऱ्या फोमचा. तो मधोमध फाटला होता आणि त्यावर आडवी काळी चिकटपट्टी मारली होती.

"ही पट्टी कधी लावली?"

"कार्यशाळेच्या आदल्या दिवशी बाबांनी लावून दिली. अजून तीच आहे."

मी म्हणालो, "ठीक आहे. आता एका कोळ्याचा फोटो काढून दाखवा."

ठाण्यातल्या मुद्देमालाच्या खोलीत कोळ्यांना तोटा नसतो. आमच्या एका महिला शिपायाने खिडकीतून एक छोटासा उड्या मारणारा कोळी कागदावर अलगद घेतला आणि माझ्या टेबलावर आणून ठेवला. त्याने आजूबाजूला पाहिलं आणि टुणकन उडी मारून थेट टेबलावर काढून ठेवलेल्या माझ्या टोपीवर जाऊन बसला. नोकरीत माझ्या टोपीला बरेच सलाम मिळाले होते, पण एवढं निरखून तिच्याकडे कोणी पाहिलं नव्हतं. आधी सर वाकले, मग मुलगी. काम करताना दोघेही भांडण विसरले. सर हळूच म्हणाले, "श्वास सोडून मग बटण दाब," आणि ती "हो सर" म्हणाली. मग दोघांनाही आपण कुठे आहोत ते आठवलं आणि दोघे टेबलाच्या दोन टोकांना सरकले. दारात अर्धं ठाणं गोळा झालं होतं. मी डोळे वटारले तेव्हा पांगलं.

ठाण्याची लिखापढी सांभाळणाऱ्या राइटरने दोन्ही फोटो संगणकावर शेजारी शेजारी लावले. मला दोन्ही सारखेच दिसत होते. मग माझी नजर कोळ्याच्या त्या दोन मोठ्या, काळ्या, चकचकीत डोळ्यांवर गेली.

"सर, डोळ्यात हे पांढरं काय आहे?"

"फ्लॅशचं प्रतिबिंब. डिफ्युजरचा जसा आकार, तसं ते पडतं," सर सहज म्हणाले. हे ते आयुष्यभर विद्यार्थ्यांना सांगत आले असतील. त्यांच्या फोटोत डोळ्यात गोल चांदणं होतं. मुलीच्या फोटोत चौकोन होता आणि त्याच्या मधून एक बारीक काळी रेघ गेली होती.

"आता स्पर्धेतला फोटो लाव आणि डोळा मोठा कर," मी राइटरला म्हणालो.

पडद्यावर चौकोन आला. मधोमध काळी रेघ.

हातच्या काकणाला आरसा कशाला? सर चष्मा लावून अगदी पडद्याजवळ गेले. मी मुद्दाम तोंड उघडलं नाही. त्यांनी 'त्या दिवशी मी दुसरा डिफ्युजर वापरला होता' असं म्हटलं असतं, तर माझी पुन्हा पंचाईत होती. पण सर मागे वळले आणि म्हणाले, "हा फोटो माझा नाही."

मग कोडं त्यांनीच सोडवलं. भिंतीवर चित्रं दाखवताना कोणाचं कौतुक होऊ नये आणि कोणाची भीड पडू नये, म्हणून ते फाइलींवरची सगळी नावं काढून नुसते आकडे टाकायचे. कोणाचं चित्र कोणतं, हे ठरवून कोणालाच कळू द्यायचं नाही. ही शिस्त त्यांचीच. कार्यशाळा संपल्यावर ती चित्रं तशीच डिस्कवर राहिली. मग डोळ्याचं ऑपरेशन झालं, जुनी डिस्क बिघडली, आणि तिच्यातून जे वाचलं ते नवीन डिस्कवर एकत्र भरताना ती बिननावाची चित्रं त्यांच्या स्वतःच्या फोटोंमध्ये जाऊन बसली. त्या कोळ्यासमोर तेही पोटावर झोपले होते, तेच पान, तोच उजेड त्यांना आठवत होता. फोटो आपलाच, याची त्यांना खात्री वाटली.

"मी हिला चोर म्हणालो," सर म्हणाले. "लोकांना सांगितलं. तुमच्याकडे लिहून दिलं."

मुलीचे डोळे भरले, पण आवाज कडक होता. "सर, तुम्ही मला एकदा फोन करायला हवा होता."

"हो," सर म्हणाले.

मी चहा मागवला. पोलिसाला दुसरं काय सुचणार? सरांनी तिथेच बसून स्पर्धेवाल्यांना ईमेल केला की चित्र हिचंच आहे, तक्रारीतली चूक माझी आहे. अर्ज मागे घेतल्याचा जबाब दिला. मला वरच्या फोनची काळजी उरली नाही, कारण साहेबांना फोन सरांनीच लावला आणि "अरे, मीच ढ निघालो," असं सांगून टाकलं. माणूस कुर्रेबाज होता, पण सरळ होता, हे मला मान्य करावंच लागलं.

मग ते व्हरांड्यात गेले. मुलीचे वडील अजून बाकावरच होते. दोन दिवस त्या माणसाने ठाण्यात पाणीसुद्धा मागितलं नव्हतं. सरांनी त्यांच्यापुढे हात जोडले. "तुमच्या मुलीवर मी खोटा आळ घेतला. मला माफ करा."

वडील गडबडून उठले. रागावतील असं मला वाटलं होतं, आणि रागावले असते तर मी मध्ये पडणार नव्हतो. ते म्हणाले, "सर, तुम्ही आधी बसा." त्यांनी सरांना बाकावर बसवलं आणि स्वतः भिंतीला टेकून उभे राहिले. मग हात चेहऱ्यावर घेऊन तो माणूस रडायला लागला. मुलगी धावत गेली. मी आत वळलो, कारण पोलिसाने सगळंच बघायचं नसतं.

या प्रकरणाने मला काय शिकवलं? सगळी नोकरी मी एकच प्रश्न घेऊन केली होती, की या दोघांतला खोटा कोण. समोर दोन माणसं बसली की मी खोटा शोधायला लागायचो, आणि बहुतेक वेळा सापडायचाही. पण कधी कधी दोघेही खरं बोलत असतात आणि चूक भलतीकडेच असते. अशा वेळी खोटा शोधत बसणारा पोलीस एकाला खोटा करूनच थांबतो. कागद भरला जातो, प्रकरण निकाली निघतं, आणि एखाद्या घराचा दिवा कायमचा विझतो. त्यात आपण काही चुकीचं केलं, असं कोणाला वाटतही नाही. हे मला निवृत्तीच्या तोंडावर कळलं. निदान कळलं तरी.

पुढे थोड्याच दिवसांत त्या मुलीची चारित्र्य पडताळणी माझ्या टेबलावर आली. गोपनीय शाखेच्या हवालदाराने शेरा लिहून आणला होता, 'प्रतिकूल काही आढळून आले नाही'. एरवी मी असे कागद एका हाताने चहा पीत सही करून ढकलून द्यायचो. त्या दिवशी कप बाजूला ठेवला, शेरा दोनदा वाचला आणि पूर्ण नावानिशी सही केली. मग घरी गेलो. बायकोने पिठलं-भाकरी केली होती, आणि कितीतरी दिवसांनी मी पोटभर जेवलो.