हळदीच्या गिरणीतला काळा लेप

आज मी धडधाकट आहे तो रहिमतपूरच्या एका मिस्त्रींमुळे. त्यांचं नाव लिहीत नाही, त्यांना ते आवडायचं नाही. पण आधी त्यांचा उल्लेख करून मगच पुढचं सांगतो.

नव्वदच्या दशकात, नववीत शाळा सोडून मी चंद्रपूरकडून सांगलीला आलो आणि हळद दळायच्या गिरणीत लागलो. तिथल्या मोठ्या यंत्राला रुंद कातडी पट्टा होता. उन्हाळ्याच्या तोंडावर हवा कोरडी झाली की घासून घासून त्यावर वीज साठायची आणि तो चालता चालता तडतडायचा. जवळून गेलं तरी हातावरचे केस उभे राहायचे. पिवळी धूळ पार छतापर्यंत. तिच्यात एक ठिणगी पडली तर गिरणी उडेल, हे मिस्त्रींनी मला आल्या आल्याच सांगितलं, आणि माझी झोप गेली.

त्यावर त्यांचा उपाय म्हणजे काळा लेप. डेअरीतलं नासलेलं दूध आणायचं, पाणी पिळून टाकून चोथा चुन्याबरोबर घोटायचा. त्याचा चिकट सरस होतो. त्यात काजळी, आणि पट्टा वाकला तरी थर तडकू नये म्हणून थोडं ग्लिसरीन. पट्ट्यावर साठलेली वीज काजळीतून लोखंडी चाकात उतरते आणि जमिनीत जाते.

"दूध नासलं की बायका रडत्यात," घोटता घोटता ते म्हणायचे, "आन् आमी नासल्याबिगर हात लावत न्हाई, गड्या!"

एका वर्षी काजळी दुसरीकडून आली. जरा राखाडीच होती. लेप लावून होतोय तोवर गिरणीचे शेठ आले. माल न्यायला आलेला लोणंदचा ट्रक दारात उभा होता. रेडिओ दुरुस्तीवाल्याकडून आणलेलं, वीज वाहते का ते दाखवणारं मीटर त्यांनी स्वतः लेपाला टेकवलं. काटा हलला.

"हलतोय की, मिस्त्री! करा चालू."

"आवं शेठ, ओलं हाय अजून. पाण्यातनं बी वीज जाती. वाळू द्या."

"वाळून काय निराळं होणार हाय?"

"मला ठावं न्हाई. म्हणून तर थांबा म्हणतोय."

शेठ माझ्याकडे वळले. "ए चंद्रपूर, दाब रं बटण."

नोकरी गेली तर घरी परतायला तोंड नव्हतं. मी हात उचलला. मिस्त्री मध्ये आले, मला बाजूला सारलं, पट्टा चाकावरून उतरवला आणि तसाच ओला खांद्यावर टाकून बाहेर उन्हात गेले. सदरा काळा झाला. शेठ ओरडत राहिले.

पट्टा वाळल्यावर मिस्त्रींनी मीटर लावलं. काटा जागचा हलेना. जागा बदलून पाहिली. तरी नाही. म्हणजे मघाशी वीज पाण्यातूनच गेली होती, काजळीतून नाही. कवडशात धूळ तरंगत होती, आणि मला तिच्याकडे बघवेना.

शेठनी दुसरी काजळी मागवली. मिस्त्रींना मात्र उद्यापासून येऊ नका म्हणाले. सगळ्यांसमोर त्यांचा शब्द मोडला होता ना.

मी अजून घरापासून लांबच आहे, दुसऱ्याच गिरणीत. कळलं की मिस्त्रींनी गावात पिठाची गिरणी टाकलीय. जुना पट्टा, पीठही तसंच धुळीसारखं, आणि आता त्यांचे हात घोटायला चालत नाहीत. हवा कोरडी झाली की मला त्यांचाच पट्टा आठवतो.

मिस्त्री, एक दिवस मी येणार. लेप मी घोटीन, पट्टा उन्हात मी नेईन, आणि तो पुरता वाळेस्तोवर तुमच्या गिरणीच्या बटणाला कोणाला हात लावू देणार नाही.