टेलरबाईची अर्धी गोळी

गल्लीत सगळे तिला टेलरबाई म्हणायचे. तिला नाव होतं, पण ते दवाखान्याच्या फायलीपुरतंच. पुढच्या खोलीत खिडकीशी मशीन, शेजारी कापायचं टेबल, भिंतीला शिवून झालेले कपडे. साधे कपडे ती शिवायचीच, पण लांबून माणसं यायची ती अवघड मापांसाठी. कुणाचा एक खांदा उतरलेला, कुणाच्या पाठीला बाक. "कारखानेवाले कपडे शिवताना देवाला मापं विचारत नाहीत," ती म्हणायची, "मग निस्तरायला मी बसते."

चार वर्षांपूर्वी तिचा एक स्तन काढला. तेव्हा काखेला साधा हातसुद्धा लागू देववत नव्हता. घरी आल्यावर तिने तळहाताएवढी मऊ उशी शिवली, तिला खांद्यावरून जाणारा पट्टा लावला आणि ती काखेत अडकवून दोन महिने काढले. तपासणीला गेली तर वॉर्डातल्या बायकांनी ती उशी हातोहात फिरवली. मग चिंध्याचिंध्यांतून तिने तशा पंचवीस करून दिल्या.

यंदा तेच दुखणं कमरेच्या डाव्या हाडात उतरलं. शेक देऊन झाले. डॉक्टरांनी दुखण्यावर मोठी गोळी दिली, सकाळी आठला एक आणि संध्याकाळी आठला एक. आता तरी मशीनवर बसता येईल असं वाटलं होतं. पण झालं भलतंच. सकाळची गोळी घेतली की दहापर्यंत तिचे डोळे मिटायचे, आणि दुपारी जाग यायची ती कळ घेऊनच. मग आठपर्यंत ओठ दाबून पडून राहायचं. टेबलावर पोस्टमनदादांच्या पॅंटचं कापड तीन आठवडे तसंच होतं.

पोस्टमनदादांचा डावा पाय लहानपणापासून बारीक आणि दोन इंच आखूड. वीस वर्षं त्यांची पॅंट टेलरबाईच शिवत होती. ती घालून ते चालले की नवख्या माणसाला काही कळायचं नाही. "माझी काही घाई नाही हं," ते दारातून सांगायचे, आणि पिशवी पाठीमागे धरून निघून जायचे. पिशवीमागे पॅंट विरली होती हे टेलरबाईला न बघताही ठाऊक होतं. तिने देवाकडे बरं कर असं मागणं केव्हाच सोडलं होतं. ती एवढंच म्हणायची, एक पॅंट होईपर्यंत बसू दे.

घरात दुसरं माणूस म्हणजे वन्सं, तिच्या गेलेल्या नवऱ्याची मोठी बहीण. सगळी नोकरी टेलिफोन ऑफिसात झालेली, त्यामुळे समोरच्याशीसुद्धा परगावी फोनवर बोलावं तसं मोठ्याने बोलायच्या.

"वहिनी, त्या गोळीनेच तुझा घात केलाय! मी सांगते डॉक्टरांना, हलकी द्या म्हणून."

"नको नको वन्सं, त्यांना कशाला त्रास?" टेलरबाई घाईघाईने म्हणाली. गोळीच्या बाबतीत तिचं सगळं असंच होतं. पट्टीतून स्वतःच काढायची, वन्संचा हात लागू द्यायची नाही.

मंगळवारी दवाखान्याची नर्स घरी आली. शांत बाई होती. आल्याबरोबर तिने पंखा थोडा वळवला, टेलरबाईच्या गुडघ्यांमध्ये उशी दिली आणि मग विचारलं, "शून्य ते दहात आत्ता किती दुखतंय?"

"तीन."

"मगाशी कुशीवर वळताना तुम्ही श्वास धरलात. तीनला कुणी श्वास धरत नाही."

"सात म्हणा," वन्सं म्हणाल्या, "आमच्या वहिनीकडे खरा आकडा फक्त मापाच्या वहीत सापडतो."

नर्सने औषधांचा डबा मागितला. पट्ट्या बघता बघता ती थांबली. "तेवीस दिवस झाले. एवढ्या गोळ्या उरल्या कशा?"

टेलरबाईने मशीनच्या खणाकडे बोट केलं. खणात बटणांचा डबा, आणि डब्यात कागदाच्या पुडीत पुढच्या वेळांसाठी कापून ठेवलेल्या अर्ध्या अर्ध्या गोळ्या. कडा अगदी सरळ.

"ह्या सुरीने नाही कापल्यात," नर्स म्हणाली.

"धाग्याच्या कात्रीने," टेलरबाई म्हणाली. एवढ्या ओशाळलेल्या आवाजातही थोडी ऐट होतीच.

"अगं, मी पाण्याचा पेला घेऊन समोर उभी राहायचे आणि तू मुठीत अर्धी दाबून बसायचीस?" वन्सं मटकन खुर्चीत बसल्या. "चाळीस वर्षं लोकांचे फोन जोडले मी, आणि घरातली लाइन कधी तुटली ते कळलं नाही."

"चिडू नका हो. कापड कापताना मी शिवणीत दोन बोटं जास्तीची सोडते. पुढे माणूस सुटतो, कापड कमी पडायला नको. तसंच म्हटलं. आत्ताच पुरती गोळी घेतली, तर पुढे जास्त दुखेल तेव्हा काय लागू पडणार?"

नर्स पलंगाच्या कडेला बसली. "पुढे जास्त दुखलं तर डॉक्टर मात्रा वाढवतील. आज सोसल्याने उद्याचं औषध साठत नाही. आणि ही गोळी बारा तासांत हळूहळू विरघळेल अशी केलेली असते. ती कापली, की सगळं औषध एकदम अंगात उतरतं. म्हणून सकाळी तुम्हाला गुंगी, आणि दुपारी काहीच नाही. हे धोक्याचंही आहे, बाई. श्वास मंदावतो."

टेलरबाईने पुडीकडे पाहिलं. "म्हणजे मी चुकीच्या जागी कात्री चालवली," ती म्हणाली.

नर्सने तिथूनच डॉक्टरांना फोन केला आणि सगळं सांगितलं. संध्याकाळपासून अख्खी गोळी, घड्याळ बघून, दुखत असो वा नसो. मध्येच कळ आली तर, किंवा बसायच्या अर्धा तास आधी, मापाने थोडं पातळ औषध. पोट साफ राहायचं औषध रोज. "पहिले दोन-तीन दिवस थोडी झोप येईल," नर्स वन्संना म्हणाली, "पण हाक मारून धड उठल्या नाहीत, तर लगेच फोन करायचा." अर्ध्या गोळ्या तिने बरोबर नेल्या.

राहिली खुर्ची. ते काम टेलरबाईने झोपल्याझोपल्या केलं. जाड फोमच्या तुकड्यावर खडूने हाड टेकतं ती जागा आखली आणि वन्संना तेवढीच कापून काढायला सांगितली.

"वन्सं, गोल म्हटलं होतं मी."

"गोलच आहे. तू आडवी पडून बघतेयस म्हणून तसं दिसतंय."

दोन दिवस तिने बरीच झोप काढली. शुक्रवारी दुपारी दोनला जागी झाली आणि गडबडून कमरेवर हात ठेवला. दुखत होतं, पण शेजारच्या घरात कुणी बोलावं तसं, लांबून. तिला रडू आलं. वन्संनी पाहिलं आणि खिडकी उघडली.

शनिवारी साडेदहाला तिने पातळ औषध घेतलं आणि अकराला वन्संच्या खांद्याला धरून खुर्चीवर बसली. सुईत दोरा ओवताना नेहमीसारखं देवाचं नाव घेतलं. मापाची वही उघडायची गरज नव्हती. कापड कापलं, उजवा पाय शिवून झाला. डावा घेतला, आणि कमरेत बारीक ठणका सुरू झाला. आणखी वीस मिनिटांचं काम होतं. आजवर तिने टाका अर्ध्यात सोडून उठणं कधी केलं नव्हतं.

तेवढ्यात दारात पोस्टमनदादा उभे राहिले. मशीनचा आवाज त्यांनी कोपऱ्यावरूनच ऐकला होता.

"ताई! तुम्ही बसलात!"

"बसले. पण आता उठते," टेलरबाई म्हणाली. मशीनचं चाक हाताने थांबवलं, कापडाची घडी केली. "डावा पाय राहिलाय. उद्या अकराला बसेन, तेव्हा होईल. आजच ओढून केला तर उद्या बसता यायचं नाही."

"हरकत नाही," पोस्टमनदादा म्हणाले. "डाव्याला उशिराच पोचायची सवय आहे."

वन्सं एवढ्या मोठ्याने हसल्या की समोरच्या घरातून कुणीतरी डोकावलं. टेलरबाईही हसली, आणि वन्संचा हात धरून सावकाश पलंगाकडे निघाली.