आठव्या जागेचा आग्रह

बायको आणि मुलगा पुण्यात, मी नोकरीपायी बंगळुरात, महादेवपुऱ्यात एका खोलीत. मागच्या सुट्टीत मुलगा आला आणि लॅपटॉपवर एक ऑनलाइन गेम टाकून गेला. "बाबा, निदान माणसांशी बोलाल तरी," म्हणाला.

त्या गेममध्ये सोप्या मोहिमांसाठी एक बटण आहे. ते दाबलं की यंत्रच कुठून तरी चार अनोळखी खेळाडू आणून देतं. राक्षस मारायचा, लूट घ्यायची, चालू पडायचं. कुणी कुणाशी बोलत नाही. पण मोठ्या किल्ल्यावर जायला आठ जण लागतात आणि तिथे बटण नाही. कुणाला तरी विचारावं लागतं, नाहीतर कुणीतरी आपल्याला विचारायला हवं. तिथेही बटण हवं, असं माझं ठाम मत. ऑफिसात चहाच्या वेळी मी ते इतक्यांदा मांडलं, की आता माझ्या टेबलाशी चहाला कुणी थांबत नाही.

गेममध्ये खेळाडूंच्या टोळ्या असतात; मी ज्या टोळीत शिरलो तिची म्होरकी इथल्याच मल्लेश्वरमची एक मुलगी. कानडी घरातली, माझ्याशी हिंदीत बोलायची. एका शनिवारी संध्याकाळी हेडफोनमध्ये तिचा आवाज आला, "अंकल, किल्ल्यासाठी एक जागा आहे. येता का?"

आठवडाभर मी याचीच वाट बघत होतो. आणि म्हणालो काय, "नको नको, तुम्ही मुलं जा. मी उगाच मधे मधे."

"सरी अंकल," ती म्हणाली, म्हणजे 'बरं', आणि पुढच्याच क्षणी आठवा कुणी दुसराच आला. मी हेडफोन कानावर ठेवून बसून राहिलो. ती पुन्हा विचारेल असं वाटत होतं.

रात्री बायकोला फोनवर हे सांगितलं. ती आधी खूप हसली. "तुझं पहिलं 'नको' म्हणजे 'वाढा थोडं', हे त्या पोरीला कसं कळणार? आपल्याकडे दोनदा विचारतात. तिथे तुला आग्रह करायला बसलंय कोण?" मग जेवलास का, एवढं विचारून तिने फोन ठेवला.

पुढच्या शनिवारी मीच आधी टोळीच्या गप्पांत लिहिलं, "मला यायचं आहे." 'तुम्हाला अडचण नसेल तर' हे लिहून खोडलं.

उत्तर आलं, "अय्यो अंकल, आठ झाले. आधी सांगायचं ना."

बटणाने मला निमूट आत घेतलं असतं, हे अजूनही माझं म्हणणं आहे. पण मी आलो नाही तर अय्यो म्हणणारं बटण काही मला माहीत नाही. ते सगळे किल्ल्यात शिरले. पडद्यावर बाहेरच्या मैदानात माझा तलवारवाला एकटाच उभा होता, वारा खात.

मी तिला लिहिलं, "पुढच्या शनिवारचं आत्ताच सांगतो. मी येणार. नको म्हणालो तरी घ्या."