गोलामागची हाक

आमच्या गिरणीच्या फुटबॉल टीममध्ये कोण खेळणार हे कप्तान ओमप्रकाश ठरवतो, असं एकट्या ओमप्रकाशला वाटायचं. बाकी सगळ्या गिरणीला ठाऊक होतं की ते रुपरावच्या पानठेल्यावर ठरतं. रविवारी मॅच असली की गुरुवारपासूनच, पहिली पाळी सुटल्याचा भोंगा झाला रे झाला, दहा-पंधरा जण ठेल्याभोवती जमत. रुपराव डब्यातून अकरा चिंचोके काढून फळीवर मांडी. गोलात एक, त्याच्यापुढे दोन, मग तीन, मग पाच. एकेका चिंचोक्याला एकेका खेळाडूचं नाव. मग त्यावरून जी जुंपायची ती विचारू नका. त्या घोळक्यात सगळ्यात मोठा आवाज माझा असे.

मी टाइम ऑफिसात कारकून होतो, हजेरीपट लिहायचो. जन्मात कधी बॉलला पाय लावला नव्हता. लिहायचं आहे ते कवडूविषयी, पण आधी मी कसा होतो हे सांगितलं नाही तर ती लबाडी होईल, आणि लबाडी एकदा करून झाली आहे.

कवडू आमचा फुलबॅक, गोलापुढच्या दोघांतला एक. कुहीकडच्या एका खेड्यातून आलेला, विणकाम खात्यात मागावर. ठेंगणा, रुंद छातीचा, तळवे असे की उन्हात तापलेल्या मुरमावर अनवाणी धावे. कामठीच्या छावणीतले गोरे सोजीर बूट घालून अंगावर आले की हा अदबीनं म्हणे, "सरका जी," आणि बॉल काढून घेई. त्याचं ते "सरका जी" ऐकायला माणसं तिकडच्या बाजूला जाऊन बसत. एरवी त्याच्या तोंडून शब्द फुटत नसे.

त्याचं गुपित मला कळलं ते चौतीस सालच्या हिवाळ्यात. दिवेलागणीला गिरणीच्या फाटकाबाहेर तो सरळ चालत जाऊन नालीत पडला. मी हात देऊन वर काढलं तर तो माझ्याकडे पाहत होता, पण भलतीकडेच.

"कवडू, तुला दिसत नाही?"

"सांज झाली का नाई दिसत बाबू," तो म्हणाला. "दिवसा साफ दिसते. कोनाले सांगू नका. तुमाले माझ्या लेकराची आन हाय."

त्यात त्याचं काय अडकलं होतं ते मला समजावून सांगावं लागलं नाही. टीमच्या गड्यांना सरावासाठी कायम पहिली पाळी मिळे. टीममधून गेला की दुसरी पाळी, म्हणजे रात्री बारापर्यंत मिणमिणत्या दिव्याखाली माग. रातांधळ्यानं तिथं दोन दिवस काढले असते तरी खूप झालं असतं. घरी बायको देवकी आणि तीन लेकरं. टीममधली ती जागा म्हणजेच त्याची नोकरी होती.

तेव्हापासून मी रोज त्याला घरी सोडू लागलो. सराव आटोपून सांज झाली की फाटकाजवळच्या कडुनिंबाखाली तो उभा राही, मी गेलो की हात पुढे करी. गोळीबार चौकाजवळच्या त्याच्या वस्तीपर्यंत आम्ही दोघे हातात हात घालून जायचो. लोक हसत. हसेनात का.

मॅचचाही मार्ग त्यानंच काढला. थंडीत शेवटची दहा-पंधरा मिनिटं उजेड जायचा. तेव्हा मी आमच्या गोलामागे उभा राहायचो आणि ओरडायचो, "कवडू, डावीकडे! मागं ये! आता मार!" तो माझ्या आवाजावर पाय टाकी. बॉल टणक जमिनीवर आपटला की त्याचा आवाज तो धरी, बाकीचं माझ्या तोंडून. दोन हिवाळे आम्ही असे काढले, कोणाला वास लागला नाही. लोकांना वाटे, टाइम ऑफिसातल्या गिरिधरबाबूला फुटबॉलचं याड लागलंय. मी घसा फोडून घरी येई आणि मनातल्या मनात म्हणे, आज मी गोऱ्यांना अडवलं. हे फार गोड लागायचं. तिथंच माझं नासलं.

छत्तीस सालच्या डिसेंबरात कस्तुरचंद पार्कवर ढालीच्या बक्षिसाची शेवटची मॅच होती, त्याच कामठीच्या छावणीच्या टीमबरोबर. शुक्रवारी संध्याकाळी ठेल्यावर ही गर्दी. कंदील लागला होता. फळीवर दहा चिंचोक्यांवर एकमत झालं होतं, भांडण होतं ते डाव्या आघाडीवरून. मी म्हणत होतो जुना गडी ठेवा, रुपराव म्हणत होता नवा घ्या. ओमप्रकाश पानाला चुना लावत बाजूला उभा राहून ऐकत होता.

मी जरा जास्तच शहाणपणा मिरवला असणार. कारण रुपराव हसला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "बाबू, तुमी कदी बॉलले पाय लावला का? हजेरी मांडून फुटबॉल येते का गा?"

सगळे खो खो हसले. ओमप्रकाशही हसला. मला ते झोंबलं. इतकं झोंबावं असं त्यात काही नव्हतं, आज कोणी म्हटलं तर मीही हसेन. पण त्या घटकेला माझे कान तापले आणि जीभ सुटली.

"मी खेळत नाही?" मी म्हणालो. "अरे, अर्धी मॅच मीच खेळतो! तुमच्या त्या कवडूला सांज झाली की हाताचा पंजा दिसत नाही. दोन वर्षं गोलामागून मी त्याला खेळवतोय. विचारा त्याला. माझा आवाज नसला तर तो गोलाच्या खांबावर आपटेल!"

 रुपरावनं हळूच फळीवरचा कवडूचा चिंचोका उचलला आणि मुठीत धरून ठेवला. ओमप्रकाशनं मला विचारलं, "सच्ची बात है, बाबूजी?"

अजूनही वेळ होती. थट्टा केली म्हणालो असतो तर त्यानं मानलं असतं, माझी थापेबाजी सगळ्यांना माहीत होती. पण तेव्हा थापेबाज ठरायचं माझ्या जिवावर आलं. मी म्हणालो, "शंभर टक्के."

तिथून निघालो तो कडुनिंबाकडे. ठेल्यापासून वीस पावलांवर असेल. कवडू नेहमीसारखा बुंध्याला टेकून उभा होता. मी म्हणालो, "उशीर झाला रे." त्यानं हात पुढे केला. रस्ताभर तो पाय ओढत चालला. मागावर दमला असेल, असं मला वाटलं.

शनिवारी फाटकावरच्या काळ्या फळ्यावर खडूनं नावं लागली. कवडूचं नाव नव्हतं. त्याच्या जागी सूत काढायच्या रिंग खात्यातला एक नवा गडी होता.

रविवारी मॅचला तो आला. धुतलेलं धोतर नेसून आला आणि गोलामागे माझ्याशेजारी उभा राहिला. हाफटाइमपर्यंत एकेक गोल झाला होता. नंतर उजेड जायला लागला, आणि माझ्या सवयीच्या तोंडातून हाक निघाली, "डावीकडे!" नव्या गड्यानं वळून माझ्याकडे रागानं पाहिलं. मी गप्प बसलो. तेवढ्यात ओरडा झाला.

"काय झालं, बाबू?" कवडूनं विचारलं.

"गोल."

"आपला का त्याइचा?"

"त्यांचा."

 कवडू म्हणाला, "पोट्टा चांगला खेळून राहिला पन. घाबरला नाई."

ढाल कामठीला गेली. गर्दी पांगल्यावर मी त्याचा हात धरला आणि आम्ही निघालो. वस्ती जवळ आली तेव्हा त्यानं विचारलं, "ओमप्रकाशले कोनं सांगतलं असन, बाबू?"

मी म्हणालो, "रुपरावनं सांगितलं असेल. त्याच्या तोंडाला कुलूप नाही."

"असन," कवडू म्हणाला.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण सविस्तर सांगायची माझी छाती नाही. सोमवारपासून त्याला दुसरी पाळी लागली. चौथ्या दिवशी मागात त्याची दोन बोटं चिरडली. पंधरवड्यानं त्याचं नाव कमी करण्याची चिठ्ठी टाइम ऑफिसात आली. हजेरीपटावर त्याच्या नावावर रेघ मारायची होती आणि ते काम माझं होतं. मी पट्टी लावून सरळ रेघ मारली. तो गावी निघाला तेव्हा मी भेटायला गेलो नाही. अंगात कणकण आहे असा निरोप पाठवला. ताप वगैरे काही नव्हता.

रुपरावच्या ठेल्यावर जाणं मी सोडलं. रुपरावला वाटलं, त्या हसण्याचा मला राग आला. तो बिचारा एकदा पान घेऊन घरी आला आणि माफी मागून गेला. मी ती माफी घेतली. पानही खाल्लं.

चव्वेचाळीस साली पुतणीसाठी स्थळ पाहायला मला कुहीला जावं लागलं. त्या दिवशी तिथला बाजार होता. मी एका बाईशी वांग्यांचा भाव करत होतो, आणि पाठीमागून हाक आली, "गिरिधरबाबू!"

वळलो तर कवडू. डोक्याला फडकं, खांद्यावर कुदळ, कानशिलं पांढरी झालेली. मी पाठमोरा होतो, आठ वर्षांत अंगानंही सुटलो होतो. मी विचारलं, "ओळखलंस कसं?"

"आवाजावरून," तो म्हणाला.

त्यानं मला घरी नेलं, सोडेचना. धानाच्या शेताचा एक तुकडा बटाईनं, निम्म्या वाट्यानं, करत होता. देवकीनं भात आणि बेसनाच्या पाटोड्या वाढल्या. बोलता बोलता सांज झाली आणि मी पाहिलं की तो उठून अंगणातल्या अंधारात सरळ गेला, दोरीवरचं धोतर काढलं आणि परत आला.

"दिसतं तुला?"

देवकीच म्हणाली, "गावी आल्यावर सासूनं महिनाभर बोकडाची कलेजी खाऊ घातली. शेवग्याचा पाला घातला. झालं बरं." नागपुरात दोन वर्षं मी त्याला हाताला धरून नेलं, त्या वाटेवर वैद्याचं घर होतं. एकदाही त्याला आत नेलं नाही. बरा झाला असता तर गोलामागे माझी गरज उरली नसती, हे तेव्हा मनात आलं नव्हतं असं मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही.

त्याला बरं झालेलं पाहून मला धीर आला. वाटलं, आता जुनं विसरलं असेल. आणि मी, इतक्या वर्षांनी, जेवल्या ताटावर बसून विचारलं, "रुपरावचा राग नाही ना आता मनात?"

कवडू हात धुवत होता. त्याच्या दोन बोटांना नखं नव्हती.

"रुपरावचा काहून?" तो म्हणाला. "मी तवा फाटकापाशी कडूलिंबाखाली उभा होतो जी, तुमची वाट पाहत. दिसत नव्हतं, पन कान होते ना. तुमचा आवाज मी ओळखन नाई का? त्याच आवाजावर तं खेळत होतो."

देवकीनं मान खाली घातली. म्हणजे तिलाही माहीत होतं, आणि तिनं मला वाढलं होतं.

"मग त्या रविवारी मला का विचारलंस?" मी विचारलं.

"म्हन्लं, सांगान तुमी," कवडू म्हणाला. "चुकलो म्हन्लं असतं तं झालं असतं."

मी तेव्हा तरी म्हणायला हवं होतं.  देवकी ताटं उचलून आत गेली. नागपूरच्या मोटारीची वेळ झाली म्हणून मी उठलो. बाहेर अंधार पडला होता, रस्त्यावर चाकोऱ्या होत्या आणि मला नीट दिसत नव्हतं. कवडूनं हात पुढे केला. मोटारीपर्यंत मी तो धरून गेलो.