नात्याचा रकाना

पेनाच्या टोकानं त्यानं डब्यातला भात उकरला. पार खालपर्यंत. बटाट्याची भाजी होती, मोहरीच्या तेलातली, ती सगळी कालवून टाकली. मंग ते पेन माझ्या पदराला पुसलं.

"मोहरीचं तेल व्हय? ह्यांच्यासारखं रांधायला बी शिकली का?"

हवालदार होता. पुढ्यात वही, वहीत रकाने. नाव, पत्ता, नातं. आतल्या हॉलात माणसं बसवून ठेवलेली, त्यात सलमा होती. तीन वर्षांपासनं माझी शेजारीण. शेंद्र्याच्या एका कंपनीत आम्ही दोघी झाडू मारायचो, एकाच ठेकेदाराकडं. परवा शिफ्ट सुटली अन् बस थांब्यावरनं तिला उचललं. बांगलादेशी हाय म्हणून संशय. तिची चार वर्षांची मुन्नी तवा माझ्या खोलीत झोपलेली होती. ती अजून माझ्याकडंच.

"तू कोण लागती तिची?"

"शेजारीण, साहेब."

"शेजारीण हे काय नातं असतंय? शेजारी तर कुत्रं बी असतंय." बाकावरचे दोघं हसले. "का तू बी त्यांच्यातलीच?"

कुणी मागितलं नव्हतं, तरी मी पिशवीतनं आधार कार्ड काढलं अन् पुढं धरलं. म्हणलं, "नाय साहेब, मी सोयगावकडची. वडार. तिची माझी काय वळख नाय. बाजूला भाड्यानं राहती, एवढंच."

"वळख नाय तर चल, निघ इथनं."

निघाले. डबा तसाच भरलेला. घरी पोरीनं विचारलं, "अम्मी ने खाना खाया?" मी म्हणलं, व्हय, खाया. तोच भात मंग तिला भरवला. तिनं गपगप खाल्ला.

वळख नाय. काय बाई मी. गेल्या साली मला टायफॉईड झाला तवा सख्खी बहीण कन्नडवरनं आली नाय, यष्टीनं दोन तासांचा रस्ता. माझी घाण कुणी काढली? सलमानं. कामावरनं यायची अन् आधी माझ्या उशाला बसायची. "दीदी, थोड़ा खा लो ना." मोहरीच्या तेलाचा वास मला सोसत नव्हता. तिनंच हळूहळू लावली सवय. अन् मी म्हणते वळख नाय. जीभ कशी झडली नाय माझी.

माझा बाप विहिरी खांदायचा. मी आठ-नऊ वर्षांची असंन. एका गावाबाहेर आमची पालं पडली होती. गावासाठी बापानं विहीर खांदली, पाणी लागलं, त्या दिवशी गावानं त्याच्या हातात नारळ दिला. महिन्याभरात गावात चोरी झाली. पोलीस कुणाकडं येणार? पालांकडं. बापाला पारावर नेऊन बसवलं. फौजदार समद्या गावाला म्हणला, "ह्याला कोण वळखतं?"

कुणी बोललं नाय. त्याच विहिरीचं पाणी पिऊन आलेली माणसं ती. एकानं तर खाली मुंडी घातली अन् तंबाखू मळायला घेतली. बाप तीन आठवड्यांनी आला. उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. मंग त्यानं मरेस्तोवर पहार उचलली नाय.

त्या तंबाखूवाल्याला मी जल्मभर शिव्या घातल्या. अन् आज त्या दारात उभी राहून मीच तंबाखू मळून आले.

गल्लीत बातमी फिरत होती की धरलेल्यांना गाडीत घालून सरहद्दीला नेणार. कधी, कुठून, कुणाला म्हाईत नाय. सांगायचं तर नातेवाईकालाच सांगू, असं पोलीस म्हणत होते. सलमाचा नवरा दोन वर्षांखाली बांधकामावरनं पडून गेला. नातेवाईक म्हणून चार वर्षांची पोर. तिला का सांगणार हायेत?

दुसऱ्या दिवशी खाडा केला अन् मुन्नीला कडेवर घेऊन कोर्टाजवळच्या एका वकीलबाईकडं गेले. पहिलंच विचारलं, "बाई, मी तिची बहीण हाय असं लिहू का?"

"खोटं कशाला लिहिता?" बाई म्हणल्या. "माणूस कुठं ठेवलाय हे शेजारी बी विचारू शकतो. नातं लागत नाही. फक्त कोर्टाच्या अर्जावर तुमचं खरं नाव, खरा पत्ता टाकायची तयारी पाहिजे. आहे का?"

मुन्नी माझ्या मंगळसूत्राशी खेळत होती. मी म्हणलं, "टाका."

संध्याकाळपर्यंत अर्जाची बातमी फिरली अन् घरमालक दारात. "लोकांच्या भानगडीत पडायचं असंल तर खोली खाली कर." ठेकेदारानं फोनवर सांगितलं, उद्यापासनं येऊ नको. भ्याले. खोटं कशाला बोलू, लई भ्याले. पण गल्लीतल्या बायांना गोळा केलं अन् बापाची गोष्ट पहिल्यांदा तोंडानं सांगितली. समोरची पारूमावशी पिठाचे हात पुसत म्हणली, "डबा किती वाजता न्यायचा?"

सकाळी सहाजणी गेलो. डबा, अन् अर्जाची नक्कल. तोच हवालदार.

"तू परत आली?"

"आले."

"नातं?"

वही मी माझ्याकडं वळवली. सातवी शिकलेय, अक्षर वाकडं येतं. पण लिहिलं. शेजारीण. माझ्या खाली पारूमावशीनं अंगठा उठवला, मी तिच्यापुढं बी तेच लिहिलं. मंग बाकीच्या चौघीजणींनी.

"अगं, हे नातं नसतंय म्हणून सांगितलं ना तुला."

"कोर्टाच्या कागदावर बी हेच लिहिलंय, साहेब. खोडायचं असंल तर खोडा, अन् खाली तुमची सही करा."

त्यानं खोडलं नाय. डबा घेतला, तो बी न उकरता. ह्याच्यात काय मोठं जिंकलं नाय. सलमा अजून आत हाय. माझं काम गेलं, महिन्याच्या शेवटाला खोली बी जाणार.

लोकं विचारतात, "पण ती हाय तरी कुठली?" बंगालची असंल, का त्याच्या बी पल्याडची असंल. मी कधी विचारलं नाय अन् आता बी विचारणार नाय. ते कोर्ट बघंल. पण कोर्टापुढं उभी न करता, पोरीला न सांगता तिला गाडीत घालायचं, हे मी होऊ देणार नाय.

सोमवारी तारीख हाय. मुन्नीला घेऊन पहिल्या बसनं जाणार. तिथं कुणी ना कुणी विचारणारच, हिला कोण वळखतं. मी उभी राहणार अन् समद्यांपुढं सांगणार, मी वळखते.