अण्णांच्या बोलण्याचं कार्ड

अर्धांगाचा झटका येऊन गेल्यावर आमचे अण्णा डाव्या हाताच्या एका बोटाने बोलत. उजवी बाजू लुळी पडलेली, जीभ जड झालेली. डोकं मात्र लख्ख. आत सगळं जिथल्या तिथे, आणि बाहेर पडताना नुसतं 'अं, अं'. ऐंशीच्या दशकाची शेवटची वर्षं ती. रत्नागिरीत माळनाक्याला आमची भाड्याची दोन खोल्यांची जागा होती आणि घरात अण्णा, आई आणि मी अशी तीन माणसं. मी शाळेत गणित शिकवायचे. मुलं मला टरकून असत, यावरून माझ्या स्वभावाची कल्पना यावी. माझा थोरला भाऊ, म्हणजे दादा, मुंबईला कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात नोकरीला होता.

अण्णांनी जन्मभर कचेरीत टायपिस्टाची नोकरी केली होती. त्यांच्या कागदावर खाडाखोड सापडायची नाही, आणि याचा त्यांना भारी तोरा. झटक्यानंतर आम्ही त्यांना पाटी दिली. डाव्या हाताने काढलेलं स्वतःचं अक्षर बघून त्यांनी पाटी पुसली ती पुसलीच, परत हातात घेतली नाही. मग मी बाराखडीचा मोठा तक्ता केला. त्यांनी अक्षरावर बोट ठेवायचं, आम्ही ओळखायचं. पण आम्ही दोघी अशा शहाण्या, की पहिलं अक्षर दिसलं की शब्द जाहीर! 'प'वर बोट गेलं की आई पाणी आणायला धावायची, मी पंखा लावायचे, आणि त्यांना हवा असायचा पेपर. एक दिवस त्यांनी तो तक्ता अंगणात भिरकावला. जुना टाइपरायटरसुद्धा काढून बघितला. पण एक बोट चुकलं की अख्खा कागद ओढून चुरगाळायचे. चुकलेला कागद दुसऱ्याच्या हातात देणं त्यांच्या रक्तातच नव्हतं.

शेवटी दादाने दुकानात सुटे भाग जोडून एक कॉम्प्युटर उभा केला आणि स्वतः एसटीने मांडीवर घेऊन आला. त्यावर चूक झाली की पुसायची, पडदा पुन्हा कोरा. अण्णांचा जीव त्यात रमला. अक्षरं फक्त इंग्रजी होती, तेव्हा ते मराठीच इंग्रजी अक्षरांत लिहीत आणि झालं की टेबलावर टकटक करीत. आईला इंग्रजी अक्षरं येत नव्हती, म्हणून वाचून दाखवायचं काम माझ्याकडे. त्यांनी पहिल्याच दिवशी लिहिलं, 'आमटीत मीठ कमी होतं. सहा महिने सांगायचं राहिलं.' आई म्हणाली, "अगो बाई! मग तेव्हा भुरकत कशाला होते?" आणि स्वयंपाकघरात जाऊन हसून घेतलं.

तशी आई त्या यंत्राला डबडंच म्हणायची. "शिंचं ते डबडं, अर्धा दिवस त्याच्याशीच गुजगोष्टी," असं पुटपुटायची. पण टकटक झाली की हातातलं पीठही न धुता दारात हजर.

त्या वेळच्या असल्या यंत्रात पोटात काही साठवलेलं नसे. सगळं फ्लॉपीवर, म्हणजे बाहेरून घालायच्या पातळ डिस्कवर. फ्लॉपी वाचायला आत एक हिरवं कार्ड असतं, डिस्क कंट्रोलर म्हणतात त्याला. त्याच्या कडेला सोनेरी दात असतात, ते आतल्या मोठ्या पाटीवरच्या, म्हणजे मदरबोर्डवरच्या, खाचेत बसतात, आणि कार्डापासून एक चपटी वायर फ्लॉपी घालायच्या ड्राइव्हपर्यंत जाते. ते कार्ड बंद पडलं की यंत्र चालू होऊनही मुकं.

आणि नेमकं तेच झालं. पौषातली थंडी होती. काही दिवस यंत्र सकाळी रुसायचं आणि ऊन चढल्यावर सरळ यायचं. मी म्हटलं, मालकासारखंच आहे, चहा झाल्याशिवाय तोंड उघडत नाही. मग एका सकाळी रुसलं ते कायमचं. ड्राइव्हचा लाल दिवा लागेना. पडद्यावर इंग्रजीत एकच ओळ, डिस्क घाला. अहो, घातली आहे ना डिस्क! काढली, पुसली, फुंकली, दुसरी घातली. ओळ तीच.

अण्णांनी पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी पाटी पुढे केली. त्यांनी मान फिरवली आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. दुसऱ्या दिवशीही तेच. जेवायला बोलावलं की उठायचे, भरवलेलं खायचे, आणि पुन्हा भिंत. चिडचिड केली असती तर चाललं असतं मला. मला भीती वाटत होती ती वेगळीच. हा माणूस गप्प राहायला शिकेल, आणि एकदा शिकला की मग यंत्र नीट होऊन तरी काय उपयोग?

आमच्याकडे फोन नव्हता. स्टँडजवळच्या एसटीडी बूथवरून मी दादाच्या दुकानात फोन लावायचे. तो सांगेल ते ऐकायचं, घरी येऊन करून बघायचं, आणि परत बूथवर जाऊन सांगायचं. पावलांखालचा रस्ता झिजला असेल त्या दिवसांत. बूथच्या काचेबाहेर रांग, आणि मी आत वर्गातल्या आवाजात ओरडतेय, "हो, चपटी वायर घट्ट बसवली! तिची लाल कड उजवीकडेच आहे! अरे, कार्ड काढून परत घातलं, दोनदा!" एक कोळीण मासळीची पाटी खाली ठेवून रांगेत उभी होती. मी बाहेर आल्यावर तिने काळजीने विचारलं, "कोन आजारी हाय गो बाय?" समजावून सांगायचं त्राण नव्हतं. म्हटलं, "वडलांचा आवाज गेलाय." ती म्हणाली, "ज्येष्ठमध दे चघळायला. गरम पान्यातून हळद दे." मी मान डोलावली. दादापेक्षा हिचे उपाय सोपे होते.

शेवटी दादा म्हणाला, "कार्डच गेलं असणार. नवीन पाठवतो." मुंबईहून काही यायचं तर ते रातराणी एसटीच्या ड्रायव्हरबरोबर, हा आमचा शिरस्ता. औषधं, चष्मे, लग्नातले अहेर, सगळं त्याच वाटेने येई. सकाळी स्टँडवर गेले. ड्रायव्हरने सीटमागून पुडकं काढून दिलं आणि बजावलं, "नाजूक हाय म्हणून सांगितलानी तुमच्या भावानं. मांडीवरच घेऊन आलो असतो, पण मग गाडी कुणी हाकायची?"

घरी आल्याआल्या जुनं कार्ड काढलं, नवीन त्याच खाचेत बसवलं. आईने विजेरी धरली होती. अण्णा उठून खुर्चीत येऊन बसले होते, स्वतःहून. मी बटण दाबलं. दिवा लागला नाही. पडद्यावर तीच ओळ.

अण्णा परत खाटेवर जायला उठले, तेव्हा त्यांना धरायला गेलेला आईचा हात त्यांनी हळूच बाजूला केला. मला ते बघवलं नाही. मी चपला घातल्या आणि बूथ गाठला. दादाने सगळं पुन्हा एकदा विचारून घेतलं. मग म्हणाला, "म्हणजे मोठी पाटीच गेली. खोकं इकडे पाठवावं लागेल. भाग कधी मिळेल, काय सांगू तुला?" मी विचारलं, "आणि तोवर अण्णांना काय सांगू?" बाहेर रांग लागली होती, मी फोन ठेवला.

घरी येऊन नवीन कार्ड परत पाठवायला म्हणून काढलं. पुसावं म्हणून दातांवर अंगठा फिरवला, तर काहीतरी पांढरट लागलं. मेणासारखं. चोळलं तर विरघळलं आणि बोट तुळतुळीत झालं. नाकाशी नेलं. खोबरेल! आमच्याच घरातलं, घाण्यावरून आणलेलं, आईच्या वेणीला येतो तोच वास. मुंबईहून कोरं आलेल्या कार्डाला आमच्या घरातलं खोबरेल लागलं कुठून? मी विजेरी घेऊन खाचेत डोकावले. आत थंडीने तेल थिजून बसलं होतं, कित्येक महिन्यांची धूळ पोटात घेऊन.

"आई!"

शेजारपाजारच्या खिडक्या उघडल्या असतील. आई आली, माझ्या हातातलं कार्ड बघितलं आणि लगेच म्हणाली, "मी लावलं."

आमच्याकडे मे महिन्याच्या शेवटी घरातल्या लोखंडाला तेल लावून ठेवायची पद्धत. विळी, कोयती, कुलपं, कात्री, शिवणयंत्र, सगळ्यांना. समुद्राचा खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस, तेल नाही लावलं तर श्रावणापर्यंत लाल गंज. मे महिन्यात दादा आला होता तेव्हा त्याने यंत्र उघडून धूळ झाडली होती आणि तसंच उघडं टाकून तो जेवायला उठला होता.

"अगं, ते यंत्र आहे! विळी आहे का तेल चोपडायला? आणि लावलंस ते लावलंस, बोलायचं तरी!"

"ओरडू नको गो." आईचा आवाज एवढासा झाला होता. "दादाच म्हणाला होता, हे एवढं कार्ड बिघडलं की अण्णांचं बोलणं गेलं म्हणून समज. म्हणून त्या एवढ्यालाच लावलं, आणि ते बसतं तिथे चार थेंब. कात्री गंजली तर दुसरी येईल. ह्यांची वाचा गंजली असती तर?"

खाटेवरून अण्णा डाव्या हाताने भिंतीवर थापा मारत होते. मी लक्ष दिलं नाही. आईने तोंडाला पदर लावला. "मीच बंद केली गो ह्यांची वाचा," म्हणाली आणि स्वयंपाकघरात जाऊन बसली.

मी पुन्हा बूथवर. दादा आधी पोट धरून हसला. मग एकदम थांबला आणि म्हणाला, "तिला रागावू नको हं." आता हे सांगून काय उपयोग! मग त्याने उपाय सांगितला. अण्णांच्या इंजेक्शनांसाठी आणलेलं स्पिरिट घरात होतं. पातळ पुठ्ठ्याला मलमलीची चिंधी गुंडाळून, स्पिरिटात बुडवून मी खाच पुसत राहिले. चिंधी काळी निघायची, बदलायची, परत पुसायची. कार्डाचे दात खोडरबराने घासले, घासताना मात्र हात आपोआप हळू चालत होता. अण्णा खुर्चीत बसून बघत होते. आई बाहेर आली नाही. दुपार टळली तरी भांड्याचा आवाज नाही, काही नाही.

कार्ड बसवलं. बटण दाबलं. लाल दिवा लागला आणि ड्राइव्ह घर्र घर्र करू लागला. मी हातच जोडले यंत्राला.

अण्णांनी कीबोर्ड पुढे ओढला. इतक्या दिवसांचं साचलेलं, काय काय लिहितील असं वाटलं. एकेक अक्षर उमटत गेलं. मी मोठ्याने वाचत गेले, आईला ऐकू जावं म्हणून.

"तेल मीच लावायला सांगितलं होतं. तिला बोलू नकोस."

स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "काहीतरीच काय हो! कधी सांगितलंत? मे महिन्यात तुमच्या तोंडातून..." आणि उठली. दारात येऊन उभी राहिली.

अण्णांचं बोट पुन्हा चालू झालं. चुकलं, पुसलं, परत चाललं. ओळ पुरी झाली, त्यांनी टेबलावर टकटक केली, आणि माझ्याच्याने वाचवेना. 'झटका आल्यापासून मी एक शब्द बोललेलो नाही. ही माझं सगळं न सांगता करते. मग तेलही मीच सांगितलं असं धर.'

"अगो, वाच ना, काय म्हणतायत?" आई पडद्यावरच्या त्या परक्या अक्षरांकडे बघत म्हणाली. माझा भिंती हलवणारा आवाज कुठे गेला कोण जाणे. अण्णांनी पुन्हा टकटक केली. मग मी वाचलं, अडखळत, पहिलीतल्या पोरासारखं.

आईने पदराने डोळे पुसले. माझ्याकडे बघितलंच नाही. त्यांच्या खुर्चीपाशी गेली आणि म्हणाली, "बरं. पण आता पुढच्या पावसाळ्याला सांगू नका."

अण्णा हसले. तोंड वाकडं झालं, खांदे हलले, आवाजसुद्धा फुटला. झटका आल्यापासून त्यांचं हसणं आम्ही ऐकलं नव्हतं.